शेजारच्या खोलीतून आईला फोन

हे खरं आहे म्हणून मी शपथा घेत बसणार नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती तिन्ही माणसं माझ्या घरातली आहेत, आणि तिघांपैकी एकालाही थापा मारायची सवय नाही. एवढंच सांगते.

माझ्या मावशीच्या मुलीची ही हकिकत. तिनं मला ती एकदाच सांगितली. सलग, मध्ये पाणीसुद्धा न पिता. पुन्हा विचारलं तर म्हणते, "ताई, आता नको."

म्हणून मी लिहितेय.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं आपण धरून चालतो. ही तशी नाही. नोव्हेंबरचा तिसरा रविवार. दुपारचे चार. चौथ्या मजल्यावरचं घर, तीन खोल्या, एक स्वयंपाकघर. आणि दोन खोल्यांमधली एक पातळ भिंत...

घरी आम्ही तिला ढमी म्हणतो. लहानपणी गालांमुळे डोळे दिसायचे नाहीत, म्हणून ढमी. पुढे ती सडपातळ झाली, हुशार निघाली, वर्गात पहिली येऊ लागली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पदवीनंतर तिला परदेशात, एका भल्या मोठ्या शहरात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. संख्याशास्त्र. निघताना विमानतळावर मावशी रडली, काका रडले, मीही रडले. ढमी मात्र हसत होती. "अगं, दोन वर्षं तर आहेत! चुटकीसरशी जातील."

पहिला महिना तिला झोपायला स्वतःचा पलंग नव्हता.

विद्यापीठाचं वसतिगृह भरलेलं. बाहेर खोली बघायला जावं तर एका खोलीसाठी जिन्यापर्यंत रांग. घरमालक म्हणायचे, इथल्या बँकेचं खातं दाखव. बँक म्हणायची, इथला पत्ता दाखव. नोंदणी कचेरीतली बाई म्हणायची, दोन्ही घेऊन ये, मग बोलू. ढमी प्रवाशांसाठीच्या एका स्वस्त निवासात, बारा जणींच्या खोलीत, वरच्या बंकवर बॅग उशाला घेऊन झोपायची. आईला फोन करायचा तर जिन्यात जाऊन. "आवाज घुमतोय का गं?" असं मावशीनं विचारलं की म्हणायची, "मोठं घर आहे ना आई, म्हणून."

खोटं बोलायला तिनं तिथूनच सुरुवात केली.

मग एकदाची खोली मिळाली. दलाल बाई घाईत होती. तिनं भराभर दाखवलं. ही तुझी खोली. समोरची एका नर्सची, ती कायम ड्युटीवर असते. शेजारची खोली बंद आहे, मालकाचं सामान. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

ढमीनं कुलूप पाहिलं. साधं, जुनं. तिला काय करायचं होतं त्या खोलीशी? तिला लावता येणारं दार मिळालं होतं. त्या रात्री ती दहा तास झोपली.

पण खोली मिळाली म्हणजे गाडं रुळावर आलं असं नव्हे. वर्गात सगळे इतक्या वेगानं बोलायचे की ढमी वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. गटात काम करायचं तर तिला कोणी टाळत नव्हतं, पण बोलावतही नव्हतं. विद्यापीठ सुटलं की ती एका हॉटेलच्या तळघरात कामाला जायची. चादरींचा विभाग. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरी एका नळकांड्यातून धप्पकन खाली पडायच्या. त्या वेगळ्या करायच्या, डाग बघायचे, अभ्रे उलटे करायचे, इस्त्रीच्या लांबलचक रोलरमध्ये दोन टोकं धरून सरकवायच्या. समोरचं टोक धरायला असायची विभागाची मुख्य बाई. धिप्पाड, कमी बोलणारी. ढमी मनातल्या मनात तिला चादरवाली काकू म्हणायची. तिच्याशी सगळं बोलणं दोनच शब्दांत चालायचं. "धर" आणि "सोड".

दिवसभरात कोणी तिच्याशी बोललं तर तेवढंच.

आणि संध्याकाळी आईचा फोन. मावशी घरी शिवणकाम करते. फोन स्पीकरवर टाकून मशीनशेजारी ठेवायचा आणि बोलता बोलता शिवत राहायचं, ही तिची जुनी सवय. खडखड, खडखड, मध्ये थांबणार, दोरा तोडणार, मग परत खडखड. "जेवलीस का?" "हो आई." "मैत्रिणी झाल्या का?" "हो गं, खूप." "अभ्यास?" "मस्त."

फोन ठेवला की ढमी उभ्या उभ्या कोरडा ब्रेड खायची.

ऑक्टोबरच्या एका रविवारी ती पुस्तक उघडून नुसती बसली होती. नर्स ड्युटीवर गेलेली. घर शांत. बाहेर ढगांमुळे चार वाजताच दिवे लागलेले.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"हो आई... जेवले."

ढमीनं मान वर केली.

"हो गं... खूप मैत्रिणी आहेत. सगळं छान चाललंय."

मराठी!

हे ऐकून तिला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. ती आनंदानं अक्षरशः उडाली. दोन महिन्यांत फोनबाहेर तिनं मराठी शब्द ऐकला नव्हता. आपल्या भिंतीला लागून आपल्या भाषेत बोलणारी मुलगी राहते, आणि आपल्याला पत्ता नाही! दलाल बाईनं खोली परस्पर देऊन टाकली असणार. ती तशीच अनवाणी बाहेर पळाली आणि शेजारचं दार ठोठावलं.

"अगं, तू मराठी आहेस? मी इथे शेजारीच..."

आवाज थांबला.

ढमी दाराला कान लावून उभी राहिली.

काहीच नाही. पावलाचा आवाज नाही. पलंग करकरला नाही. कुणी श्वास घेतल्याचंसुद्धा जाणवलं नाही...

मग तिची नजर खाली गेली.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

तरीही ती घाबरली नाही. मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही. जुनी इमारत आहे, आवाज खालच्या मजल्यावरून येत असेल, असं तिनं ठरवून टाकलं. उलट पुढच्या रविवारी ती वाट बघत बसली.

चार वाजले. आवाज आला. तोच. तिच्याच वयाची मुलगी, थोडा घोगरा गळा. "हो आई, थंडी आहे, पण मी स्वेटर घालते... नाही गं, नाही येत रडू. कशाला येईल?"

ढमीनं भिंतीला पाठ टेकली आणि ऐकत राहिली. ती मला म्हणाली, "ताई, हसशील, पण मला तिचा आधार वाटायचा. वाटायचं, चला, आपल्यासारखीच आईशी खोटं बोलणारी अजून एक आहे."

चार रविवार असे गेले.

चौथ्या रविवारी नर्स घरी होती. वयानं चाळिशीची, दुसऱ्याच कुठल्या तरी देशातून आलेली. दोन दोन पाळ्या करून तिच्या डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. ढमीनं तिला सहज विचारलं, "शेजारच्या खोलीतली मुलगी कधी दिसते का तुम्हाला?"

नर्स कप विसळत होती. तिचा हात नळाखाली तसाच राहिला.

"कोणती मुलगी?"

"रविवारी फोनवर बोलते ती. माझ्या भाषेत."

"तुझ्या भाषेत..." नर्स हळूच म्हणाली. मग तिनं कप पुसला, जागेवर ठेवला आणि ढमीकडे न बघता म्हणाली, "ती खोली रिकामी आहे. आवाज येत असेल तर गाणी लाव. ऐकत बसू नकोस."

आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं इमारतीच्या देखभालवाल्याला गाठलं. पाणी गळतंय अशी थाप मारली. तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुरकुरत वर आला. चौथी किल्ली लागली. दार उघडलं.

खोलीत काही नव्हतं.

मालकाचं सामान नाही. पलंग नाही. खुर्ची नाही. उघडी फरशी, कोपऱ्यात गार पडलेला हीटर, खिडकीच्या काचेवर धूळ. फरशीवरही धुळीचा थर. त्यावर पहिल्यांदा उमटली ती त्या माणसाच्याच बुटांची पावलं.

"कुठे गळतंय?" तो वैतागला.

ढमी भिंतीकडे बघत होती. तिच्या आणि त्या खोलीमधल्या भिंतीकडे. तिथे खाली, प्लगमध्ये, एक फोनचा चार्जर लावलेला होता. वायर फरशीवर गुंडाळलेली. दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

ती वाकली. तिनं चार्जरला हात लावला.

गरम होता...

देखभालवाल्यानं खांदे उडवले, चार्जर उपटला, खिशात टाकला आणि कुलूप लावून निघून गेला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

त्याच आठवड्यात ढमीचा निकाल लागला. दोन विषयांत नापास.

जन्मात पहिल्यांदा. प्राध्यापकांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं की डिसेंबरमध्ये फेरपरीक्षा आहे, तीही गेली तर जागा जाईल आणि जागा गेली तर इथे राहायची परवानगीही जाईल. ते रागावले असते तर बरं झालं असतं, ती म्हणते. त्यांनी तिला पाणी दिलं.

त्या दिवसापासून तिनं आईला फोन करणं बंद केलं. धीरच होईना. आईचा आवाज ऐकला असता तर बांध फुटला असता. तिनं ठरवलं, दोन दिवस जाऊ देत, मग काहीतरी सांगू. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. कामावर डाग पडलेली चादर तिनं तशीच रोलरमध्ये घातली. वर्गात जाणं सुटलं. खाणं सुटल्यातच जमा. आरशात बघितलं की तिला स्वतःचीच ओळख पटायची नाही.

आणि गंमत बघा. आठ दिवस पोरीचा फोन नाही, तर मावशीनं एव्हाना घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. मला, सगळ्या नातेवाइकांना फोन करायला हवे होते.

मावशीनं एकही फोन केला नाही.

नवव्या दिवशी ढमीला हे जाणवलं. तिनं घाबरत घाबरत फोन लावला.

"आई..."

"काय गं? विसरलीस का काही?"

"विसरले?"

"अगं, आत्ताच तर फोन ठेवलास! तासभर बोललीस. आज काय लाडात आलीय बाई!"

ढमीनं फोन कानावरून काढून पडद्यावरचं नाव पाहिलं.

"आई, मी... आज पहिल्यांदाच करतेय फोन. आठ दिवसांत पहिल्यांदा."

मावशी खळखळून हसली. "चल! रोज तर करतेस. परवा नाही का सांगितलंस, पेपर चांगले गेले म्हणून? तुझ्या बाबांना पेढे आणायला पाठवत होते मी."

ढमीनं मागितलं म्हणून मावशीनं तिला आपल्या फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला. कॉलची यादी. सोमवार, ढमी. मंगळवार, ढमी. बुधवार, ढमी. एकही दिवस चुकलेला नाही. प्रत्येक कॉल एकाच वेळचा. तिच्या शहरातल्या दुपारी चारचा.

तिच्या स्वतःच्या फोनमध्ये त्यातला एकही कॉल नव्हता.

आता या जागी तुम्ही काय केलं असतं? खोली सोडून पळाला असतात. ढमीही पळाली असती, पण जाणार कुठे? बारा जणींच्या त्या खोलीत परत? तिच्या अंगात तेवढं त्राणही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखंही झालं. आईला काळजी नाही. आई खुशीत आहे. आपल्याला काही सांगावं लागणार नाही...

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती खाली बघत होती.

मग तो रविवार आला. नोव्हेंबरचा तिसरा.

त्या दिवशी ती पलंगावरून उठलीच नव्हती. दिवा लावलेला नाही. बाहेर धुकं इतकं दाट, की समोरच्या इमारतीच्या खिडक्या नुसत्या पिवळ्या डागांसारख्या दिसत होत्या. नर्स कामावर. फोन उशीशेजारी. ढमी छताकडे बघत होती.

चार वाजले.

खडखड... खडखड...

तिला वाटलं, भास आहे.

खडखड... थांबलं. कट. दोरा तोडल्याचा आवाज. परत खडखड...

तिच्या आईचं मशीन.

भिंतीपलीकडे, त्या रिकाम्या खोलीत, तिच्या आईचं शिवणयंत्र चालू होतं. त्याच्यावरून आईचा आवाज. फोनच्या स्पीकरमधून येतो तसा, थोडा चिरका. "मग? आज काय जेवलीस?"

"सगळं, आई."

हा आवाज आता घोगरा नव्हता...

हा आवाज ढमीचा होता. हुबेहूब. हसण्याआधी ती एक बारीकसा श्वास घेते, तोसुद्धा.

ओरडावं म्हणून ढमीनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जणू तिचा आवाज पलीकडे वापरात होता, म्हणून इकडे शिल्लक नव्हता.

पलीकडे मावशी काहीतरी बोलत राहिली, मशीन चालत राहिलं. आणि त्या आवाजाखालून, अगदी भिंतीला ओठ लावून कोणीतरी बोलावं तसं, हळू, मायेनं...

"जागी आहेस ना?"

ढमी हलली नाही.

"दमलीस फार. मला माहितेय."

...

"तू झोप आता. आईचं मी बघते. रोज बोलेन मी तिच्याशी. तिला काही कमी पडू देणार नाही."

...

"आता तू नसलीस ना, तरी तिला कळणार नाही."

ढमी मला म्हणाली, "ताई, त्यात धमकी नव्हती गं. ती खरंच चांगुलपणानं बोलत होती. म्हणून तर मी जवळजवळ ऐकलं होतं तिचं. डोळे मिटले होते मी. इतकं बरं वाटत होतं... आणि तेवढ्यात आई पलीकडे खोकली."

बस, एवढंच. मावशीला दोरा ओला करताना खोकायची सवय आहे. ती खोकली, आणि पलीकडचा आवाज लाडानं म्हणाला, "आई, औषध घे गं."

ढमीच्या अंगात आग भडकली. माझी आई आहे ती. तिच्या खोकल्याची काळजी करणारी तू कोण?

ती उठली. पायात काय घातलं तिला आठवत नाही. फोन मुठीत धरून ती चार मजले धडधडत उतरली आणि धुक्यात धावत सुटली. पाय आपोआप हॉटेलच्या मागच्या दाराशी गेले. तळघरात दिवे होते, वाफ होती, माणसं होती. चादरवाली काकू एकटीच रोलरपाशी उभी होती. तिनं ढमीकडे पाहिलं. पायात दोन वेगवेगळ्या चपला, अंगावर स्वेटर नाही, ओठ निळे. काकूनं मशीन बंद केलं. हे तिनं आजवर कोणासाठी केलं नव्हतं.

ढमीनं आईला फोन लावला.

ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.

परत लावला. दुसऱ्या कॉलवर आहे.

परत. परत. परत.

शेवटी तिनं बाबांना लावला. काका बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते.

"बाबा! आई कोणाशी बोलतेय?"

काका हसले. "कोणाशी म्हणजे? तुझ्याशीच की! आतमध्ये बसलीय मशीनवर. थट्टा करतेस होय?"

"बाबा, मी नाही ती! फोन घ्या तिच्या हातातून. पाया पडते तुमच्या, उठा!"

काकांनी टीव्ही बंद केला. पुढचं काकांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. ते आतल्या खोलीत गेले. मावशी मशीनवर, फोन शेजारी, स्पीकर चालू. पडद्यावर नाव, ढमी. त्यांच्या हातातल्या फोनवरही नाव, ढमी. त्यांनी काही न बोलता आपलाही स्पीकर चालू केला आणि दोन्ही फोन मशीनच्या पाटावर शेजारी शेजारी ठेवले.

"बाबा..." दोन्ही फोन एकदम म्हणाले.

मावशीचा पाय मशीनवरून निसटला.

"आई, हे काय चाललंय?" मावशीचा फोन हसत म्हणाला. "कोणीतरी माझा आवाज काढतंय गं. हल्ली असं करतात. तो फोन ठेवून दे बाबांचा. मी मजेत आहे."

दुसऱ्या फोनमधून नुसते हुंदके.

"बोल ना गं," काका घामाघूम होऊन म्हणाले. "काहीतरी बोल!"

"आई, मी नापास झाले," दुसरा फोन म्हणाला. "दोन विषयात. मला एकही मैत्रीण नाही. मी काल जेवले नाही, परवाही नाही. मला नाही जमत इथे. मी सगळं खोटं सांगितलं तुला, पहिल्या दिवसापासून..."

"बघ," पहिला फोन मायेनं म्हणाला. "आपली ढमी असं बोलेल का?"

आणि खरंच, आपली ढमी असं कधी बोलली नव्हती. पहिली येणारी मुलगी ती.

तिकडे तळघरात ढमीचा जीव टांगणीला लागलेला. चादरवाली काकूला भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण तिनं ढमीचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता, चादरीचं टोक धरावं तसा, घट्ट.

मावशीनं हात पुढे केला. आपला फोन उचलला.

आणि बंद केला.

मग काकांचा फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "रड. हवं तेवढं रड. मी इथेच आहे."

मी नंतर मावशीला विचारलं, तुला कसं कळलं? मावशी म्हणाली, "कळलं वगैरे काही नाही गं. मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मी म्हटलं, खोटी निघाली तर निघू दे, पण रडणारीचा फोन कसा ठेवू?"

ढमी त्या घरी परत राहायला गेली नाही. चादरवाली काकू तिला आपल्या घरी घेऊन गेली. तीन आठवडे ती तिच्या कोचावर झोपली. रोज खरं बोलायची आईशी. कधी फक्त रडायची. डिसेंबरमध्ये एक विषय सुटला, दुसऱ्यासाठी प्राध्यापकांनी मुदत मिळवून दिली, तो उन्हाळ्यात सुटला. आता तिचं शिक्षण संपत आलंय, आणि तिला दोन मैत्रिणी आहेत. दोनच, पण आहेत.

सामान आणायला ती भर दुपारी, काकूला सोबत घेऊन गेली होती. नर्स स्वयंपाकघरात बसलेली. ती ढमीला एवढंच म्हणाली, "तू वाचलीस."

"तुम्हाला माहीत होतं?"

नर्सनं समोरची खुर्ची ढमीकडे सरकवली.

"मी आले तेव्हा ती माझ्या भाषेत बोलायची," ती म्हणाली. "मला दोन पाळ्या. फोन करायला वेळ नाही. एकदा घरी फोन केला तर भाऊ म्हणाला, आई खूश आहे, तू रोज बोलतेस म्हणून. मी काही बोलले नाही. सहा वर्षं. आई गेली तेव्हा भावानं सांगितलं, शेवटच्या क्षणापर्यंत फोन तिच्या कानाशी होता, मुलीशी बोलत बोलत गेली."

तिनं डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते.

"मी त्या वेळी ड्युटीवर होते. त्यानंतर ती खोली गप्प झाली. मग तू आलीस... मी तुला सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? मला तर तिचे आभार मानावेसे वाटायचे."

इथे ही हकिकत संपायला हवी होती. मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेले होते. काका झोपले होते. मावशी काजाचं काम करत होती. बोलता बोलता हळूच म्हणाली, "तुला एक सांगते. ढमीला सांगू नकोस हं."

"काय गं?"

"तो फोन अजून येतो. दर रविवारी."

"आणि तू उचलतेस?"

"पहिले दोन-तीन नाही उचलले. मग उचलला एकदा." मावशीनं सुई खाली ठेवली. "ती आता ढमीच्या आवाजात नाही बोलत. स्वतःच्याच बोलते. जरा घोगरा आहे. काही मागत नाही गं. जेवलीस का विचारलं की हो म्हणते. मशीन चालव म्हणते, मी चालवते. ऐकत बसते. कोणाची तरी लेक असेलच ना ती?"

मी तिचा फोन मागितला, तिनं दिला नाही.

"आता नाही येणार म्हणाली," मावशी पुढे म्हणाली. "मागच्या रविवारी. म्हणाली, आई, शेजारच्या खोलीत नवीन मुलगी आलीय. फार रडते. तिची आई वाट बघत असते फोनची."

"मग?"

"मग काही नाही. फोन चालूच होता. ती आपली स्वतःशीच पुटपुटत होती. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. कधी लांबवून, कधी तोडून. जीभ वळत नव्हती तिची. परक्या भाषेतला होता. शिकत होती बहुतेक."

मावशीनं तो शब्द मला म्हणून दाखवला.

मला ती भाषा येत नाही. कुठली आहे तेही माहीत नाही. ती मुलगी कोण, कुठल्या देशाची, तिच्या घरी हे कोणी आणि कसं कळवायचं, मला काहीच माहीत नाही.

पण तो शब्द मला कळला...

ती "आई" म्हणायला शिकत होती.